ब्रेकचा दिवस

रंगनाथ साबळे यांना आमच्या प्रयोगशाळेत सगळे मामा म्हणायचे. सरकारी कार्यालयात शिपायाला मामा म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मामा बी.एस्सी. होते, केमिस्ट्री घेऊन. माझ्या जन्माच्या आधीपासून ते पांढरा कोट घालून कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत उभे होते. हेही मला पहिले दोन-तीन महिने माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मी फारसं कुणाला काही विचारत नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी बोलताना अडखळायला होतं, आणि अडखळण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, अशी सवय लागून गेली आहे. लोकांना तो शिष्टपणा वाटतो. मामांना काय वाटायचं कोण जाणे; ते माझ्याशी पहिल्या दिवसापासून अशा सुरात बोलायचे, की जणू आमचं बोलणं कालच अर्धवट राहिलं होतं.

जिल्ह्यातल्या गावांमधून पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आमच्याकडे यायच्या. पाणी पिण्यालायक आहे की नाही, हे आम्ही सांगायचं. माणसं चार. वर साहेब, म्हणजे मुख्य रसायनी. त्यांच्या हाताखाली मी, परीक्षा देऊन लागलेली, दोन वर्षांच्या प्रोबेशनवर. सलीमभाई शिपाई, ते कायम नोकरीत. आणि मामा. ते कुणाच्या वरही नव्हते आणि खालीही नव्हते, कारण आमच्या यादीतच नव्हते. त्यांना एका एजन्सीने पुरवलं होतं. कार्यालय एजन्सीला पैसे द्यायचं, एजन्सी त्यातले काही मामांना द्यायची. एजन्सीच्या कागदावर त्यांचा हुद्दा होता ‘अकुशल मदतनीस’.

या अकुशल मदतनिसाने मला काम शिकवलं.

पहिल्याच आठवड्यात पाण्याचा कठीणपणा काढताना मी सहा वेळा चुकले. फ्लास्कमधलं पाणी आधी लालसर दिसतं, वरून ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायचं, पाणी निळं झालं की थांबायचं. कॉलेजात हे मी कितीदा तरी केलं होतं, आणि खरं सांगायचं तर उत्तर मैत्रिणींच्या वहीशी जुळवून घेतलं होतं. इथे कुणाची वही नव्हती. मामा शेजारच्या बेसिनवर बाटल्या विसळत होते. हात पुसत आले, खिशातून पांढऱ्या टाइलचा तळहाताएवढा तुकडा काढून त्यांनी फ्लास्कखाली सरकवला.

“लाल गेलं म्हणून थांबू नका मॅडम. निळ्यात जांभळी झाक हाय का बघा. ती गेली की बास.”

“मला कसं कळणार?”

“तुम्हाला नाय कळायचं. हाताला कळंल.”

दीड महिन्याने हाताला कळलं. तोवर अहवालांवर ‘तपासणी करणार’ या शब्दांपुढे सही माझी असायची आणि तपासणी त्यांची. अकुशल मदतनिसाला सही करायचा अधिकार नव्हता. ते सहीच्या जागी पेन्सिलने बारीकशी फुली करून कागद माझ्यापुढे ठेवायचे. मी सही केली की फुली खोडून टाकायचे.

बाटली आली की आधी ते बूच उघडून वास घ्यायचे. गावाकडचे लोक थंड पेयाच्या, औषधाच्या, कधी दारूच्याही बाटलीत पाणी भरून पाठवायचे. “पाणी खोटं बोलत नाय मॅडम, बाटली बोलती,” असं म्हणून ते बाटली बाजूला ठेवायचे आणि त्या ग्रामसेवकाला फोन लावायचे. एकदा एका गावाहून पाच विहिरींच्या पाच बाटल्या आल्या. पाचांचा कठीणपणा सारखा, क्षार सारखे, फ्लोराइडही सारखं. मामांनी फोन लावला.

“भाऊसाहेब, तुमच्या गावच्या पाची विहिरी एकाच आईच्या का हो?”

पलीकडून काहीतरी लांबलचक खुलासा आला असावा. मामा शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, “नाय नाय, पाय दुखत असतील तर राहू द्या. पण मग चार बाटल्यांवर ‘तीच’ असं लिवत जा. आमचं औषध तरी वाचंल.” सलीमभाई हसून हसून स्टुलावर बसले. तिसऱ्या दिवशी पाच वेगळ्या बाटल्या आल्या.

मामा चितेगावहून स्कूटरवर यायचे. पैठण रस्त्यावरच्या एका रंगाच्या कंपनीत त्यांनी एकोणीस वर्षं लॅबमध्ये काम केलं होतं. कंपनी बंद पडली. हे त्यांनी मला सांगितलं तेही भाकरी खाता खाता, जवसाची चटणी माझ्या डब्याच्या झाकणात ठेवत. जिल्हा परिषदेतल्या नोकरीची ऑर्डर तरुणपणी त्यांनाही आली होती. कंपनी तेव्हा दुप्पट देत होती. दिवाळीला बोनस, न्यायला-आणायला बस, कँटीनमध्ये रोज गोड.

“मी ऑर्डर परत केली. सासऱ्याला लोक म्हणले, जावई सरकारी नाय का? तर सासरा म्हणला, सरकारी पोराला बायको पोसता यायची नाय. त्याच सालात माझा मेव्हणा परिषदेत चिकटला. रडत गेला बिचारा.”

“आणि आता?”

“आता त्याच्या बंगल्यावर दुसरा मजला चढलाय. रडणं थांबलंय.” ते हसले. “तवा आपला हिशोब बरोबर होता मॅडम. उत्तर नंतर बदललं.”

मला हे ऐकून बाबा आठवले. बाबाही चिकलठाण्याच्या कंपनीत होते, तीही बंद पडली. मी सरकारी परीक्षा द्यावी म्हणून ते पाच वर्षं माझ्या मागे होते. ‘एकदा लागलीस की सुटलो,’ असं म्हणायचे. मी मामांना हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगितलं तर आमच्यातला फरक बोलण्यात येईल, अशी मला भीती वाटायची.

तो फरक रोज समोर असायचा. महिनाअखेरीस पगाराचे मेसेज यायचे तेव्हा साहेबांचा, माझा, सलीमभाईंचा असे तीन फोन एका मिनिटात वाजायचे. त्या दिवशी मामांना हटकून मागच्या खोलीत काहीतरी धुवायचं असायचं. आम्हाला मोकळेपणाने बोलता यावं म्हणून ते जात, हे वर्षभराने माझ्या लक्षात आलं. त्यांचा पगार एजन्सीच्या मर्जीने यायचा, कधी बारा तारखेला, कधी वीस. सलीमभाई शिपाई, पण त्यांना मामांच्या दुपटीहून जास्त मिळायचं. त्यांनी यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. दोन वेळच्या चहाचे पैसे ते मामांना कधी देऊ द्यायचे नाहीत. “चाय मेरी, मामा. तुम अक्कल देव, मैं चाय देता.”

महागाई भत्ता वाढल्याची बातमी आली की साहेब पेढे आणायला सांगायचे. आणायला मामा जायचे आणि वाटायचेही मामाच. एकदा माझ्यापुढे खोका धरून म्हणाले, “महागाई तुम्हालाच कशी लागते मॅडम? आमच्या चितेगावला येतच नाय ती. रेल्वे स्टेशनलाच उतरत असंल.” सलीमभाई हसले, साहेब हसले, मीही हसले. पेढा तोंडात होता.

माझी पगारचिठ्ठी मुख्य कार्यालयातून तेच घेऊन यायचे. घडी घालून, छापील बाजू आत. एकदा ती देताना त्यांनी सहज विचारलं, “मॅडम, तुमच्या पोस्टला हातात किती पडत्यात? आमची सविता विचारीत होती. बी.एस्सी.च्या शेवटल्या वर्षाला हाय, म्हणती ही परीक्षा द्यायची.”

मी आकडा वीस हजारांनी कमी सांगितला.

का सांगितला? खरा आकडा त्यांच्यासमोर उच्चारायला मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “सविता म्हणती नेटवर तर जास्ती दाखवतंय. मी म्हणलं, नेटवर काय बी असतं. मॅडम सांगत्यात तेच खरं.” एवढं बोलून ते बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायला लागले. त्यांचं अक्षर फार सुरेख होतं.

आता ब्रेकच्या दिवसाचं. एजन्सीच्या माणसाला सलग ठेवायचं नाही, असा नियम होता. अकरा महिने झाले की एक दिवस ब्रेक. त्या दिवशी तो कुणाचाच नोकर नसतो. दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर, नवा माणूस, पुन्हा पहिला दिवस. मामा आमच्याकडे असे नऊ वर्षं ‘नवे’ होत होते.

त्या दिवशी दुसरं कुणी घरी राहिलं असतं. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचे, दारातल्या भेट देणाऱ्यांच्या वहीत नाव लिहायचे, ‘भेटीचे कारण’ या रकान्यात ‘सहज’ असं लिहायचे आणि बाकावर बसायचे. सलीमभाई कपबशी घेऊन यायचे, एरवी मामा काचेच्या पेल्यात प्यायचे. “आज तो तुम मेहमान है मामा. बोलो, साहब से मिलना क्या?” मामा ऐटीत म्हणायचे, “साहेबांना सांगा, पाव्हणे आलेत. घाई नाय.”

माझ्या पहिल्या वर्षात त्यांचा ब्रेक आला तेव्हा साहेब रजेवर होते. अकरा वाजता एका गावाहून बर्फाच्या डब्यातून बाटल्या आल्या. गावात जुलाबाची साथ होती, दोन लहान मुलं दवाखान्यात होती. जंतूंची तपासणी लगेच लावावी लागते, पाणी थांबून राहत नाही. मी ती एकटीने कधी लावली नव्हती. मी दारात येऊन नुसती उभी राहिले. मामांनी माझ्याकडे पाहिलं, कपबशी खाली ठेवली, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि आत आले. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाटल्या लावून झाल्या. दुसऱ्या दिवशी कोणत्या विहिरीत घाण आहे ते निघालं, आणि ती विहीर बंद झाली. अहवालावर सही माझी.

पुढच्या वर्षी एजन्सीचं नवं कंत्राट निघणार होतं. साहेब बोलता बोलता म्हणाले, वर चांगली शिफारस गेली तर साबळेंना ‘अकुशल’मधून ‘कुशल’मध्ये घेता येईल. पगार जवळजवळ दीडपट होईल. मामांनी ते ऐकलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या हातून फ्लास्क फुटला. सविताला एम.एस्सी.ला घालायचं होतं, पण घातलं तर फी झेपत नाही आणि नाही घातलं तर पोरगी बोलत नाही, असं ते सलीमभाईंना सांगत होते.

शिफारस मी लिहीन, असं मी म्हणाले. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या सहीचं, त्या वीस हजारांचं काहीतरी परत करावं, असं मनात होतं. आमच्या शाळेत शिकवलं होतं, की शिफारसपत्रात नुसतं ‘मेहनती’ लिहू नये, प्रसंग द्यावा. मी प्रसंग दिला. तीन पानं लिहिली आणि मराठी तपासायला मामांनाच दिली. माझं सगळं मराठी तेच तपासायचे.

त्यांनी वेलांट्या दुरुस्त केल्या. एका परिच्छेदावर मात्र पेन्सिलने आडवी रेघ मारली. ‘श्री. साबळे हे गेली नऊ वर्षे सलग सेवा देत असून, ब्रेकच्या दिवशीही स्वेच्छेने उपस्थित राहून तपासणीचे काम करतात,’ असा तो परिच्छेद. त्याखाली साथीचा सगळा प्रसंग, तारखेसकट.

“हे नको मॅडम.”

“का? हेच तर मुख्य आहे.”

“राहू द्या. झालेल्या दिवसाचं काय एवढं.”

मला तो त्यांचा संकोच वाटला. कारण विचारावं असं वाटलं नाही, आणि त्यांनी मॅडमला समजावून सांगावं अशी आमच्याकडे रीत नव्हती. घरी जाऊन मी पत्र टाइप केलं आणि तो परिच्छेद परत घातला. साहेबांनी तीन पानं वाचली नाहीत, शेवटच्या पानावर सही केली.

वीस दिवसांनी वरून पत्र आलं. सेवेत नसलेल्या व्यक्तीला अमुक तारखेला प्रयोगशाळेत प्रवेश कुणी दिला? त्या दिवशीची तपासणी नेमकी कुणी केली? संबंधित व्यक्तीने सलग सेवेचा दावा केल्यास जबाबदारी कुणाची? खुलासा तीन दिवसांत.

साहेबांनी दार लावून घेतलं. ते ओरडले नाहीत. ते म्हणाले, “हा माणूस उद्या कायम नोकरी मागायला कोर्टात गेला, तर तुमचं हे पत्र घेऊन जाईल. आणि तपासणी त्याने केली असेल, तर अहवालावरची तुमची सही खोटी. तुम्ही प्रोबेशनवर आहात. ठरवा.” मग त्यांनीच शब्द सुचवले. ‘सदर मजकूर भावनेच्या भरात लिहिला गेला.’

मी ते लिहिलं. श्री. साबळे त्या दिवशी केवळ भेटीसाठी आले होते, वहीत तशी नोंद आहे, तपासणी मी स्वतः केली, असंही लिहिलं. बाबांचा चेहरा डोळ्यासमोर होता असं सांगितलं तर खोटं होणार नाही. पण त्या क्षणी मी बाबांचा विचार करत नव्हते. मला माझी नोकरी हवी होती.

कागद टेबलावर होता. मामा पाठीमागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी तो पूर्ण वाचला असावा, कारण ते बराच वेळ तिथेच उभे होते. एकाही वेलांटीला हात लावला नाही.

“मॅडम,” ते म्हणाले, “खाली तारीख राहिली.”

मी तारीख घातली.

नव्या कंत्राटात एजन्सी बदलली. नव्या एजन्सीने नवा माणूस पाठवला. शेवटच्या दिवशी मामांनी त्याला बाटल्या कुठे, चिठ्ठ्या कुठे, ते दाखवलं. सलीमभाईंनी हार आणला होता, मामांनी तो गळ्यात घालून घेतला नाही, हातात धरला. “रिटायर नाय झालो सलीमभाई. ब्रेक जरा लांबलाय.” माझ्याकडे वळून ‘येतो मॅडम’ म्हणाले. मी मान हलवली. माफी मागायचे शब्द मी दोन दिवस मनात जुळवले होते, इंग्रजीत.

सहा-सात महिन्यांनी ते परत आले. उन्हाळा होता. चिकलठाण्याच्या एका खाजगी प्रयोगशाळेत त्यांचं काम होण्यासारखं होतं. अलीकडच्या अनुभवाचा दाखला दिला तर केमिस्ट म्हणून घेणार होते, नाहीतर हेल्पर म्हणून. दोन्ही पगारांत पुष्कळ अंतर होतं. जुनी एजन्सी गुंडाळली गेली होती, फोन लागत नव्हता. नऊ वर्षं ते कुठे होते, हे सांगणारा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता.

“चार ओळी दिल्या तरी बास मॅडम,” ते दारातूनच म्हणाले. आत या म्हटलं तर आले नाहीत. “पाणी तपासायचं काम येतं, एवढंच. इंग्रजीत दिला तरी चालंल. तपासायला कोण हाय आता.”

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मी चेहरा नीट पाहिला, त्यात टोमणा नव्हता.

मी म्हणाले, “साहेबांना विचारते.”

साहेबांनी मान वर न करता सांगितलं, की साबळे नावाचं कुणी आपल्या नोकरीत नव्हतं, तेव्हा अनुभवाचा प्रश्न येत नाही. आणि तुम्ही तर लेखी दिलंय, ते भेटीला येत होते. माझं प्रोबेशन संपायला पाच आठवडे राहिले होते. मी माझ्या जागेवर येऊन बसले. पुढे कोरा कागद होता. कुणी न सांगता मी तीन पानं लिहिली होती, आणि आता त्यांनी मागितलेल्या चार ओळी मला लिहिता येईनात. ते खाली गेटजवळ थांबले आहेत, हे सलीमभाई दोनदा येऊन सांगून गेले. तिसऱ्यांदा आले ते माझ्या टेबलावरचा रिकामा कप उचलून घेऊन गेले.

तासाभराने मी खिडकीशी गेले. मामा लिंबाखाली स्कूटरजवळ उभे होते. रुमालाने त्यांनी सीट पुसली, मग आरसा पुसला. घड्याळ पाहिलं. स्कूटर दोन-तीन किकमध्ये सुरू झाली नाही, तेव्हा एका बाजूला तिरपी करून धरली आणि पुन्हा किक मारली. सुरू झाल्यावर ते लगेच निघाले नाहीत. एक पाय जमिनीवर टेकवून त्यांनी आमच्या मजल्याच्या दिशेने मान वर करायला सुरुवात केली. त्यांनी खिडकीकडे पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. मी त्याआधीच कपाटाच्या आड झाले होते.